फायदेबाई

कारखान्यात सगळे त्यांना फायदेबाई म्हणत. कामगार कल्याण खात्यातल्या या बाईंनी कुणालाही गाठलं की "तुमच्याच फायद्याचं सांगतेय" अशी सुरुवात व्हायची, म्हणून. तोंडावर नुसतं 'बाई', पाठीमागे पूर्ण नाव. बाईंना ते ठाऊक होतं. बारा वर्षं एकच काम केल्यावर अशा गोष्टींचा राग धरायलाही अंगात त्राण उरत नाही.

काम काय, तर कंपनी कामगारांना काय काय देते ते कामगारांना पटवायचं. दवाखान्याचा खर्च, आजारी आईबापांसाठी रजा, चष्मा, कानाचं यंत्र. दरवर्षी कानांच्या तपासणीच्या आधी बाई जेवणाच्या सुट्टीत कॅन्टीनमध्ये उभ्या राहत. हातात सवलतींचं पुस्तक, समोर डब्यात डोकी घातलेली शंभर माणसं, ताटांचा खडखडाट आणि भिंतीपलीकडे पंख्यांची घरघर. एकदा एकाने मध्येच विचारलं, "बाई, ऐकता ऐकता झोपायची सवलत कितव्या पानावर आहे?" सगळे हसले, बाईही हसल्या. पालथ्या घड्यावर पाणी, असं त्या घरी नवऱ्याला सांगत, आणि पुढच्या वर्षी पुन्हा घागर घेऊन उभ्या राहत.

एक माणूस मात्र मन लावून ऐके. सव्वीस वर्षं पत्रा दाबणाऱ्या प्रेसवर काढलेले काका. पुढच्या बाकावर बसून, बाईंच्या तोंडाकडे टक लावून, वाक्यावाक्याला मान डोलवत. त्या एका मानेच्या भरवशावर बाई भाषण शेवटाला नेत.

गेल्या आठवड्यात अपघाताच्या नोंदवहीत काकांचं नाव आलं. प्रेसमध्ये साचा बसवणारा सेटर "थांबा" म्हणून ओरडला, तरी काकांनी प्रेस खाली आणली. सेटरने हात वेळेवर ओढला, हातमोजा आतच राहिला. बाईंनी काकांच्या मागच्या तपासणीचा कागद काढला. त्यावर कान अगदी पंचविशीतल्या पोराचे. सव्वीस वर्षं प्रेसशेजारी उभं राहून असे कान? बाईंनी कागद दोनदा वाचला.

आज कान तपासणारी गाडी फाटकाशी उभी होती. सहाला जाणार, ती पुन्हा वर्षाने येणार. दुपारी बाईंनी लेथवरच्या एका तरुण टर्नरला गाठलं. तो काकांच्याच हाताखाली शिकलेला.

"खरं सांग, काकांच्या नावावर गाडीत कोण बसतं?"

टर्नरने आधी ताकास तूर लागू दिली नाही. मग हात पुसत म्हणाला, "मीच बसतो. ती बाहेरची माणसं, कार्डावरचा नंबर बघतात, तोंड कोण बघतंय. काकांनी मला माणसात आणलं, बाई. मागे बहिरा ठरलेल्या एका फिटरला फाटकावर झाडू दिला होता, पगार निम्मा. हात दाखवून अवलक्षण कशाला?"

"ती रीत बंद होऊन नऊ वर्षं झाली. पगार तोच राहतो, काम फक्त बदलून देतात. दरवर्षी ओरडून सांगते मी."

"तुम्ही उभ्या राहिलात की आम्ही जेवण उरकतो, बाई. तुमचं ऐकतात ते एकटे काका."

काका पाळी संपवून कपडे बदलायच्या खोलीत बसले होते. बाहेर कॉम्प्रेसर धडधडत होता. बाई समोर उभ्या राहून म्हणाल्या, "काका, तपासणीला चला." काकांनी मान डोलावली. "आत्ता चला, गाडी जाईल." पुन्हा मान डोलावली, पण काका जागचे हलले नाहीत. बाई अगदी त्याच आवाजात म्हणाल्या, "काका, उद्यापासून तुमचा पगार निम्मा."

काकांनी हसून मान डोलावली.

बाई बाकावर बसल्या. ज्यांना ऐकू येत होतं ते जेवत होते, आणि जो ऐकत होता त्याला गेली कित्येक वर्षं एक अक्षर पोचलं नव्हतं. बाईंना रडू आलं, आणि स्वतःची लाजही वाटली. मग त्यांनी पर्समधली वही काढली आणि ठळक अक्षरात लिहिलं: कान गेले तरी पगार तोच. शांत खात्यात काम. यंत्र कंपनीचं. कुणालाही काढत नाहीत.

काका ओळींवर बोट फिरवत वाचत गेले. "फिटरला तर झाडायला लावलं," ते मोठ्याने म्हणाले. बाईंनी सवलतींच्या पुस्तकातलं पान उघडून नियमाची तारीख दाखवली. काकांनी तेही वाचलं, वर शिक्का आहे ना ते पाहिलं, आणि बूट चढवले.

अर्ध्या तासाने तपासणारी मुलगी गाडीतून उतरली. "डावा गेलाय. उजवा थोडा शिल्लक आहे, यंत्राने चालेल," ती म्हणाली. "चार-पाच वर्षं आधी आवाजातून काढलं असतं, तर बराच वाचला असता." काका दोघींच्या तोंडाकडे आळीपाळीने बघत होते. शेवटचं लिहू नये असं बाईंना क्षणभर वाटलं, पण त्यांनी सगळंच लिहिलं.

काकांनी वाचलं. मग त्यांनी विचारलं, त्यात राग नव्हता, खरोखरच कळत नसल्यासारखं विचारलं, "बाई, हे आधी का नाही सांगितलंत?"

'दरवर्षी सांगत होते', एवढं बाईंनी लिहिलं. मग ते खोडलं आणि खाली लिहिलं, 'चुकलं माझं.'

काकांनी मान डोलावली नाही. ते फाटकावरच्या घड्याळाकडे बघत होते. "आमच्या खात्यात आत्ताच्या पाळीला असे अजून चौघं आहेत," ते म्हणाले. "त्यांचीही कार्डं दुसरेच घेऊन बसतात. गाडी सहाला जाते ना?"

सव्वापाच झाले होते. बाईंचे पाय सकाळपासून भरून आले होते, आणि प्रेसचं खातं कारखान्याच्या पार दुसऱ्या टोकाला होतं.

"कोण कोण?" बाईंनी विचारलं. काका त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. मग बाईंनी वहीचं पुढचं पान उलटलं आणि तेच लिहून दाखवलं.