धुतलेले पिंजरे

१. एका झुडपापाशी ठेवलेल्या पिंजऱ्यात रानउंदराची मादी सापडली. खूण करून तिला तिथेच सोडले.
२. माकडे पिंजरे उलटे करत, म्हणून त्या हंगामात ते दिवसा उचलून ठेवू लागलो. ब्रशने झाडले, पोत्यात भरले, संध्याकाळी हाताला येतील तसे पुन्हा मांडले.
३. पहाटे त्याच पिंजऱ्यात नर सापडला. पिंजरा मात्र आता दुसऱ्याच झुडपापाशी होता.

हे पुन्हा पुन्हा घडते, असे मी प्रा. कमलाक्षी शिंदे यांना दाखवले, तेव्हा आमची ओळख जेमतेम काही आठवड्यांची होती. बंगळुरूच्या कडेला आमच्या संस्थेचा माळ आहे. तिथल्या रानउंदरांच्या वर्तनाचा त्या अनेक वर्षे अभ्यास करत आहेत. मी पुण्याहून आलेली अभियंता. नोंदी संगणकावर चढवणे एवढेच माझे काम. मादी सापडते त्याच झुडपापाशी पुढे नर सापडतो, म्हणजे ही जात जोडीने राहते, हा मॅडमच्या गाजलेल्या शोधनिबंधाचा निष्कर्ष होता.

"नर झुडपाकडे जात नाहीत. पिंजऱ्याला मादीचा वास राहतो, त्याकडे जातात," मी म्हटले.

वरिष्ठ सहकारी गिरीश वैतागले. "तू कॉम्प्युटरवाली. उंदीर कधी हातात धरलायस का?"

"तिनं उंदीर नाही धरला, आपल्याला धरलं," मॅडम म्हणाल्या. "स्वल्प थांब गिरीश. पिंजरे धुतो का आपण?"

"झाडतो."

"सरी, ठीक आहे. मग निबंध मागे घ्यायचा."

"आधी गुपचूप पुन्हा करून बघू ना, मॅडम. लगेच जगाला कशाला सांगायचं?"

"आणि तोवर पोरांनी चुकीचंच शिकायचं?"

निबंध मागे घेतला गेला. चूक कोणी दाखवली, तेही त्यांनी माझ्या नावासह लिहिले. त्यानंतर परिषदांची बोलावणी कमी झाली. निबंध मागे घ्यायचे ठरले, त्याच्या दुसऱ्याच सकाळी त्या नळापाशी स्टूल टाकून पिंजरे धुवत बसल्या होत्या.

मी तेव्हा माळापासून लांब, इलेक्ट्रॉनिक सिटीत राहत असे. आता पिंजरे बघायला मीही जाणार होते, पण पहाटे माळावर पोचणे मला जमत नसे. मॅडमनी जयनगरच्या त्यांच्या घराची किल्ली माझ्या टेबलावर ठेवली. घरी त्यांनी माझी चौकशी केली नाही, उपदेशही केला नाही. जेवताना "अजून स्वल्प भात घे" एवढेच म्हणत. मला ते सोयीचे होते. आता मी व्हाइटफील्डला दुसरी नोकरी करते. हंगामात मुक्काम अजूनही जयनगरलाच असतो.

मॅडमच्या निवृत्तीनिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथातल्या त्यांच्या निबंधांच्या यादीतून मागे घेतलेला निबंध वगळावा, असे संपादकांच्या मनात होते. तो यादीत पहिला हवा, अशी मॅडमची अट होती. तो पहिला आहे.

रानउंदीर जोडीने राहतात का? मॅडमचे आजचे उत्तर "माहीत नाही" असे आहे. धुतलेल्या पिंजऱ्यांनी केलेला अभ्यास अपुरा आहे, आणि पासष्टी पूर्ण करून त्या निवृत्त होत आहेत. त्यांना निरोगी, दीर्घ आयुष्य मिळावे आणि उत्तर, ते कोणतेही असो, त्यांनी स्वतःच्या हाताने पिंजरा उघडून पाहावे.

येत्या हिवाळी हंगामासाठी माणसे कमी आहेत. पुरेशी नावे आली नाहीत, तर संस्था तो माळ वाहनतळासाठी घेणार आहे. ज्यांना पहाटे येणे जमेल, त्यांनी तीस नोव्हेंबरपर्यंत मला कळवावे. जमणार नसेल, तरीही कळवावे.