साडूंच्या गाडीचं नाक

आमचे थोरले साडू सृष्टी निर्माण करताना ब्रह्मदेवाच्या हाताखाली असते, तर अजून पाणी खारं घ्यावं की गोडं यावरच खल चालू असता. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या मोठ्या बहिणीचे यजमान. डब्लिनच्या उत्तरेला स्वोर्ड्सला राहतात, सॉफ्टवेअरमध्ये आहेत. कुठलीही वस्तू घ्यायची म्हटली की एक्सेलमध्ये तक्ता उघडल्याशिवाय त्यांचं पान हलत नाही. साध्या किटलीची तुलना अकरा दिवस चालली. तोवर घरात चहा पातेल्यात होत होता, आणि चहा पातेल्यातच बरा होतो असा निष्कर्ष काढून त्यांनी किटली घेतलीच नाही. मुलगी पाहायला आले तेव्हाही दोन तास बसून, कांदेपोहे दोनदा घेऊन, "कळवतो" म्हणून गेले ते गेलेच. शेवटी ताईनंच, म्हणजे माझ्या मेहुणीनं, फोन करून "होकार समजते" असं सांगून टाकलं. साडूंना म्हणे फार हलकं वाटलं.

तर २०२० साली, घरापासून पाच किलोमीटरच्या बाहेर जायला बंदी असताना, हे गृहस्थ गाडीच्या नाकामागे लागले. गाडी जुनी, छोटी. ती घेऊन ताई रोज ब्युमॉन्टच्या हॉस्पिटलात नर्सच्या ड्यूटीला जायची. इंजिन ज्या डब्यातून हवा ओढतं त्याला तडा गेलाय, बदलून घ्या, असं मेकॅनिकनं सांगितलं. दुसरा कोणीही तसलाच डबा मागवून मोकळा झाला असता. साडूंनी तडा चिकटपट्टीनं बुजवला आणि तक्ता उघडला. "अरे, इंजिनाचं माणसासारखंच असतं. श्वास नीट हवा," असं दर रविवारी मला व्हिडिओ कॉलवर ऐकवायचे. मी तिकडे डब्लिन शहरात, ग्रँड कॅनाल डॉकजवळ एका खोलीत कोंडलेला. पळून पळून जाणार कुठे?

उमेदवार तीन. पहिला मूळचाच बंद डबा. दुसरी लांब नळी, बंपरजवळून गार हवा ओढणारी. इथं गार हवा न बोलावता स्वयंपाकघरात येते, तिच्यासाठी नळी कशाला, असं मी म्हटलं, तर ते तक्त्यात 'इतर शेरे' म्हणून नोंदवलं गेलं. पण खाली लावलेली नळी पावसात डबक्यातलं पाणी ओढील आणि इंजिन कायमचं बसेल, म्हणून ती बाद झाली. तिसरा बॉनेटखाली उघडाच बसणारा शंकूसारखा फिल्टर. तो इंजिनाचीच तापलेली हवा ओढतो आणि गुरगुरतो. "नुसता गळा काढतो. काम शून्य. पोरंटोरं लावतात असलं," म्हणून साडूंनी त्याला तक्त्याच्या तळाशी टाकलं.

फिल्टर मागवून त्यांची परीक्षाही घरीच झाली. एका बाजूला व्हॅक्यूम क्लीनर, मधे फिल्टर, आणि धूळ म्हणून भज्यांसाठी जपून ठेवलेलं बेसन. बंद डब्यातला कागदी फिल्टर पास झाला. शंकूवाला सपशेल नापास, आणि ताई ड्यूटीवरून आली तर कपाटांच्या दारांपासून पडद्यांपर्यंत घरदार पिवळं. तिनं न ओरडता फडकं त्यांच्या हातात दिलं. साडू म्हणाले, ते जास्त भयंकर होतं.

मग जानेवारी आला आणि हॉस्पिटल भरून वाहायला लागलं. ताईच्या वॉर्डातल्या दोघीजणी आजारी पडल्या. सुटायची वेळ चारची, पण कधी सहा, कधी आठ. फोन लॉकरमध्ये. साडू कॉलवर अर्धं वाक्य बोलायचे आणि खिडकीकडे बघायचे. मी आपला अडाण्यासारखा विचारत राहिलो, डबा ठरला का? "ठरवतो" म्हणायचे. ती धडधाकट घरी येते की नाही, याशिवाय त्या माणसाला दुसरं काही सुचत नव्हतं, हे मला तेव्हा कळायला हवं होतं. आणि एके दिवशी समजलं की साडूंनी तो तळाचा, नापास, गुरगुरणारा शंकू गाडीला बसवलासुद्धा. म्हटलं, गेले कामातून.

एप्रिलमध्ये बंदी सैल झाली तसा मी गेलो. अंगणात दोन मीटर अंतरावर चहा घेऊन उभे होतो. साडू आता अंगणात टांगायच्या नव्या झोपाळ्यासाठी आणलेल्या कड्यांचे चार प्रकार समजावत होते. मधेच थांबले. लांब वळणावरून कोणीतरी दम लागल्यासारखं गुरगुरत येत होतं.

"आली," म्हणाले, आणि कप तसाच ठेवून तिच्या अंघोळीसाठी इमर्शन, म्हणजे पाण्याच्या टाकीतला हीटर, लावायला आत पळाले. परत आले तेव्हा माझ्याकडे न बघता म्हणाले, "आधी गाडी दारात उभी राहीपर्यंत कळायचंच नाही रे. आता वळणावर कळतं. अर्धं मिनिट आधी."

खरं सांगतो, या शंकूवरून त्यांची टर उडवायची म्हणून मी चार वाक्यं पाठ करून आलो होतो. ती चहाबरोबर गिळून टाकली.

ताई गाडीतून उतरली. मास्कचे वळ गालावर, डोळे ओढलेले, पण तोंड नेहमीसारखंच चालू. म्हणाली, "ऐकलास आवाज? हॉस्पिटलच्या फाटकावरचा माणूस विचारतो, मुलाची गाडी का? एवढं वर्षभर तक्ते केले आणि हे उचललं यांनी. तू तरी विचार, काय बघून घेतलं."

साडू झोपाळ्याची कडी निरखत होते.

"विचारलं ताई," मी म्हटलं. "सगळं नीट बघूनच घेतलंय त्यांनी."