दुधाच्या दातावरची फुंकर

"फुंकर मारलीत की नाही, एवढंच सांगा काकू."

"मी नाही मारली. माझ्या तोंडाने मारली असेल."

"तोंड तुमचंच आहे."

"तेच तर आलंय ना रिपोर्टात."

मॅडम हसल्या नाहीत. काकूंना त्याचंच जास्त लागलं. ओरडा खायची त्यांना सवय होती, पण विनोद वाया गेलेला सहन होत नसे.

अर्धं आयुष्य काकू दातांच्या डॉक्टरकडे मदतनीस होत्या. तिथून या प्रयोगशाळेत आल्या, तेव्हा घरी म्हणाल्या, "जिवंतांकडून मेलेल्यांकडे बढती झाली. आता पेशंट ओरडत नाहीत, चावत नाहीत." काम तसं ओळखीचं. उत्खननात सापडलेले जुने दात कोरून त्यांच्या पोटातली पूड काढायची. त्या पुडीत मेलेल्या माणसाचा डीएनए सापडतो, आणि नशिबात असेल तर ज्या रोगाने तो गेला त्या जंतूचाही.

पहिल्याच दिवशी मॅडमनी बजावलं होतं, "इथे ताकसुद्धा फुंकून प्यायचं." सगळ्यांना कळलं, म्हणजे जपून वागायचं. काकूंनाही कळलं. तोंडाला मात्र शब्दशः कळलं असावं. चष्म्यावर वाफ धरली म्हणून त्यांनी मास्क हनुवटीवर ओढला, आणि कोरण्याआधी दातावरची धूळ हलकेच फुंकून उडवली.

पुढचं हसं त्यांनी स्वतःच्या हातांनी करून घेतलं. पुडीत भरपूर आणि टवटवीत डीएनए आहे असं कानावर आल्यावर त्यांनी नवऱ्याला ऐकवलं, की हाताला गुण असावा लागतो, हजारो वर्षांचं मढंही माझ्या हाती ताजं निघतं. नवरा म्हणाला, भाजी का नाही निघत मग? आणि आज कळलं की ते टवटवीतपणच संशयाचं कारण. इथे काम करणाऱ्या प्रत्येकाची थुंकी नमुना म्हणून ठेवलेली असते. ताडून पाहिलं, तर पुडीतलं प्राचीन मढं म्हणजे खुद्द काकू.

"तरीच माझे गुडघे एवढे जुने वाटतात," त्या म्हणाल्या. "आणि मॅडम, तुम्ही म्हण सांगितली ताकाची, दात निघाला दुधाचा. माझा तरी काय दोष?"

"सगळं हसण्यावारी नेऊ नका." मॅडमचा आवाज खाली आला होता, आणि तो वर असलेला परवडला असता. त्या सांगू लागल्या. एकाच खड्ड्यात घाईने पुरलेली माणसं, त्यांत सहा-सात वर्षांचं हे पोर. मोठ्यांच्या दातांत काही उरलेलं नाही. साथ प्लेगची होती का, हे आता या पोराच्याच दातांवरून कळणार. दोन दात होते. एक काकूंच्या फुंकरीत गेला.

दुसरा मॅडमच्या तळहातावर, बंद कुपीत होता. तांदळापेक्षा जरासाच मोठा.

"तुमच्याइतका हलका हात इथे कुणाचा नाही," मॅडम म्हणाल्या. "म्हणून विचारतेय. हा कोराल? पण मास्क खाली येणार नाही, फुंकर जाणार नाही, याची खात्री द्या."

काकूंच्या जिभेवर तीन उत्तरं तयार होती, तिन्ही हसवणारी. त्यांनी कुपी हातात घेऊन उजेडात धरली. दाताला एका बाजूला कीड लागलेली होती. म्हणजे मरायच्या आधी हे पोर दातदुखीनेही रडलं असणार. दवाखान्यातली अशी कितीतरी पोरं त्यांनी मांडीवर घट्ट धरली होती. झालं हं, झालं, म्हणत गालावर फुंकर घातली होती.

तोंडावरच्या मास्कच्या आत आपले ओठ फुंकरीसाठी गोल झालेले त्यांना जाणवले. कुणी सांगितलं नव्हतं, त्यांनीही ठरवलं नव्हतं.

"काकू? देता ना खात्री?"

काकूंनी कुपी परत मॅडमच्या तळहातावर ठेवली, त्यांची बोटं तिच्यावर मिटवली, आणि दार लोटून त्या बाहेर पडल्या.