झाडाखालचं माप

अप्पाराव साळवेंना काही विकत घ्यायचं असलं की विकणाऱ्याची कंबख्ती भरायची. वडीगोद्रीत साधा पंखा घेताना त्यांनी दुकानदाराला तो खोलून दाखवायला लावला होता. आत काय आहे हे कळल्याशिवाय या गृहस्थांना चैन पडत नसे. आता तर ट्रॅक्टर घ्यायचा होता.

रान चार एकर, त्यात अडीच एकर मोसंबी. दुष्काळात गावातल्या कितीतरी बागांचं सरपण झालं, तेव्हा अप्पाराव आणि त्यांची बायको केशरबाई यांनी डोक्यावर हंडे वाहून ही झाडं जगवली होती. भाड्याचा ट्रॅक्टर येई तो त्याच्या सवडीनं, आणि जाताना दोन-चार फांद्या मोडून जाई. वर ड्रायव्हर म्हणे, झाडच आडवं आलं. मोडलेली फांदी दिसली की अप्पारावांना त्या दिवशी जेवण जात नसे. म्हणून ट्रॅक्टर घरचा हवा होता, आणि एकही फांदी न दुखावता बागेतून फिरणारा हवा होता.

नवीन जालन्यातल्या शोरूमला त्यांच्या पाच फेऱ्या झाल्या. तिथला विक्रेता मच्छिंद्र आधी त्यांना पाहून पाणी प्यायला उठून जायचा.

"हा सायलेन्सर असा उभाच का?"

"सगळ्याचा उभाच ऱ्हातो, काका."

"ते झालं. पण का?"

मच्छिंद्र आत जाऊन मेकॅनिकला विचारून आला. चौथ्या फेरीपर्यंत ही खोड त्यालाही लागली. मग दोघंही ट्रॅक्टरखाली वाकून बघू लागले आणि बाकीची गिऱ्हाइकं ताटकळत बसू लागली.

शेवटी दोन उरले. एक उंच, रुंद मडगार्डचा, भरलेली ट्रॉली सहज ओढणारा. दुसरा ताकदीला जवळपास तेवढाच, पण बुटका आणि अरुंद, सायलेन्सर खालच्या बाजूनं नेलेला. अप्पारावांचं मन उंच ट्रॅक्टरवर बसलं होतं. बुटका त्यांना उगाच खाली मान घातल्यासारखा वाटे.

तरी मापाशिवाय निर्णय घेणाऱ्यातले ते नव्हते. डिसेंबरात बाग ताणावर होती, म्हणजे पाणी तोडलेलं होतं. असं केलं की पानं गळतात, झाड विसावा घेतं आणि पुढे फुलं भरपूर लागतात. अप्पारावांनी कळकाच्या काठीवर त्या उंच ट्रॅक्टरची उंची-रुंदी खुणेनं मांडली आणि ती धरून सगळ्या ओळी फिरले. दोन्हीकडून वीतभर जागा उरत होती.

"ताणावरच्या झाडाचं माप घेऊन राह्यले तुम्ही," केशरबाई म्हणाल्या.

"मंग? झाड तर तेच हाय ना."

केशरबाईंनी वाद घातला नाही. पण मच्छिंद्र उंच ट्रॅक्टर दाखवायला शेतात येणार त्या दिवशी सकाळीच त्या बागेत गेल्या. अप्पाराव मागून पोचले तर बाई खताच्या रिकाम्या गोण्यांचे तुकडे करून त्यात माती भरत होत्या आणि ठिबकच्या जुन्या नळीनं ती गाठोडी फांद्यांना बांधत होत्या.

"काय करून राह्यली तू?"

"मोसंब्या लावून राह्यले."

फांदी निरखायची, थोडं आठवायचं आणि तेवढंच वजन टांगायचं. "हिला कमी लागतेत. ही मात्र दरसाल भुईला टेकती," असं स्वतःशीच चाललं होतं. अर्ध्या ओळीला गाठोडी लागली आणि ताणावरची बाग बघता बघता तोडणीच्या दिवसांतली दिसू लागली. अप्पाराव काठी घेऊन आत शिरू पाहत होते, तर तीच फांदीत अडकली.

मच्छिंद्रनं ट्रॅक्टर ओळीत घातला. तिसऱ्या झाडाशी सायलेन्सर फांदीला भिडला. चौथ्याशी मडगार्डनं दोन गाठोडी खाली पाडली. मच्छिंद्रनं आपणहून इंजिन बंद केलं.

"काका, हा न्हाई जमायचा."

अप्पारावांना वाईट वाटलं. पाच फेऱ्या मारून, इतकं विचारून आपण बागच मोडायला निघालो होतो, याची त्यांना लाज वाटली. पण कुतूहल काही गप्प बसेना.

"केशर, कोणती फांदी कुठवर येती, हे तुला कसं ठाऊक?"

"तोडणीला खाली मीच असते. तुम्ही तवा रस्त्यावर गाडीपाशी. तुम्ही झाड उभ्यानं पाह्यलं, म्या वाकून."

अप्पारावांनी काठी बांधावर ठेवली. कमरेत वाकून ते त्या लवलेल्या फांद्यांखाली शिरले आणि गाठोडी लावलेली अर्धी ओळ तसेच चालत गेले. पलीकडे निघाले तेव्हा लगेच सरळ होता येईना. कमरेवर हात ठेवून त्यांनी केशरबाईंकडे पाहिलं.

"किती वर्सं हे?"

"झाडं फळाला आली तवापासून."

मच्छिंद्र जवळ आला. "मंग काका, बुटका कवा आणू?"

"मला नको विचारू," अप्पाराव म्हणाले. "हिला विचार."