तांडेलची जागा

तांडेल पहिल्या दिवशी वर्गात शिरला तेव्हा आम्ही सगळे उभे राहिलो. जाड मिशा, रुंद खांदे, पांढरा लेंगा-सदरा आणि हातात एक वही. आम्हाला वाटले, हेच इंग्रजीचे नवे सर. तो दारात थबकला. खरेच कोणी सर येताहेत की काय, म्हणून त्याने मागे वळून पाहिले. मग सारा प्रकार त्याच्या ध्यानात आला. "बसा, बसा. मी पन तुमच्यातलाच हाय," म्हणत तो शेवटच्या बाकावर जाऊन बसला.

तो उरणचा कोळी. मॅट्रिक झाल्यावर पाच वर्षे वडिलांच्या होडीवर मासेमारी करून, आईच्या हट्टापायी पनवेलच्या आमच्या नव्या कॉलेजात आला होता. राहायचा कोळीवाड्यात मावशीकडे. होडी चालवणाऱ्या प्रमुखाला कोळी लोक तांडेल म्हणतात. त्यांच्या होडीचे तांडेल त्याचे वडील. पण आमचा तांडेल तोच.

फुटबॉल तो भाऊच्या धक्क्यावर शिकला होता. मासळी उतरवून झाली की भरतीची वाट बघत तिथल्या हमालांबरोबर खेळायचा. कॉलेजातल्या खेळांचा कारभार अर्थशास्त्राच्या सरांकडे होता. फुटबॉलमधले त्यांना एवढेच ठाऊक, की बॉलला हात लावायचा नाही. त्यामुळे संघ उभा केला तो तांडेलनेच. मी चष्मा दोरीने डोक्याला बांधून बॅकला खेळायचो. मोजून बारा जण जमले. बारावा वासू. सरावाला तो सगळ्यांच्या आधी हजर असायचा, पण सामन्यात बाहेर बसून आमच्यासाठी लिंबे कापायचा.

बॉल एकच होता, चामड्याचा. फुटबॉलचा मोसम पावसाळ्यातला, त्यामुळे दोन दिवसांत तो भिजून दगडासारखा जड झाला. तांडेल बॉल घरी घेऊन गेला. उसवलेली शिवण त्याने जाळे विणायच्या सुईने शिवली आणि होडीला लावतात ते माशाचे तेल बॉलला चोपडले. बॉल पाणी धरीनासा झाला, पण वास असा सुटला की विचारू नका. आमच्याकडे खेळायला आलेल्या एका संघातला पट्ट्यापट्ट्यांच्या मोज्यांचा कप्तान नाक धरून पंचांकडे गेला. पंचांनी बॉल हातात घेतला, हुंगला, चेहरा वाकडा केला आणि म्हणाले, "नियमात वासाबद्दल काही लिहिलेलं नाही. खेळा." त्या दिवशी त्यांच्यापैकी एकानेही बॉल डोक्यावर घेतला नाही. आम्ही दोन गोलांनी जिंकलो.

पण त्याआधीचा पहिलाच, मैत्रीचा सामना आम्ही सात गोलांनी हरलो होतो. परत येताना एसटीत सगळे माना खाली घालून बसलो होतो. तांडेल मात्र मजेत शेंगा सोलत होता. म्हणाला, "सात टायमाला बॉल आपल्या घरात आला. म्हंजे वाट कनची हाय ती कलली ना आपल्याला? माशाच्या मागं कोन धावतं रे? माशाच्या वाटंवर जाळं लावाचं." दुसऱ्या दिवसापासून त्याने प्रत्येकाची जागा खुणा करून ठरवून दिली. जागा सोडून कोणी बॉलमागे धावला की तो मैदानाच्या मधूनच हाक मारायचा, "ए, जाल्यात भोक पाडू नको!" आम्हाला त्या शब्दांचे हसू यायचे, पण पाय आपोआप जागेवर यायचे. एकेक सामना जिंकत आम्ही कॉलेजांच्या स्पर्धेत उपांत्य फेरीत गेलो. पनवेलच्या बाजारात लोक आम्हाला ओळखू लागले.

आणि सामन्याची तारीख आली. नारळी पौर्णिमेनंतरचा तिसरा दिवस.

तांडेलने ती तारीख वाचली आणि शांतपणे म्हणाला, "मी नाय." पौर्णिमेला सागराला नारळ वाहिला की होड्या समुद्रात जातात. त्यांच्या होडीवरच्या एका खलाशाचा पाय मोडला होता, त्यामुळे त्याला जाणे भागच होते.

मी आणि सर उरणला गेलो. तांडेलचे वडील किनाऱ्यावर होडी रंगवत होते. सरांनी सगळे सांगितले. वडिलांनी ऐकून घेतले आणि ब्रश न थांबवता म्हणाले, "मास्तर, तुमच्या खेलाला मानूस नाय. माझ्या होरीला पन मानूस नाय."

सरांनी होडीकडे पाहिले. मग एकदम म्हणाले, "मी येतो होडीवर."

"तुमाला पोहता येतं?"

"नाही."

"जालं वढलंय कदी?"

"नाही. पण शिकेन. उपांत्य फेरी रोज येत नाही हो बाबा."

म्हातारा हातातला ब्रश टाकून खाली बसला आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. "पोराची आई मला सांगते, कालेजात लई शिकलेली मानसं असतात!" मग डोळे पुसत म्हणाला, "चार दिस देतो. पाचव्या दिशी पोर माझा. मंग तुमी देव घेऊन आलात तरी नाय."

उपांत्य सामना आम्ही जिंकलो. गोल तांडेलचाच. आम्ही त्याला खांद्यावर घेऊन नाचलो. आम्हीच पडू या काळजीने तो वरून म्हणत होता, "सोरा रे, पराल!" पण अंतिम सामना आठवड्यानंतर होता आणि तोवर तांडेल समुद्रावर गेला होता.

जाण्याआधी त्याने कप्तानपद मला दिले. सामन्याच्या सकाळी मला एक कल्पना सुचली. तांडेलची जागा तशीच मोकळी ठेवायची, आपण दहा जणांनीच खेळायचे. सगळे लगेच तयार झाले. वासूसुद्धा मान डोलावून बाहेर जाऊन बसला. आम्ही जिवाच्या आकांताने खेळलो. शेवटच्या पाच मिनिटांत त्यांचा एक खेळाडू मैदानाच्या मधून, त्या मोकळ्या जागेतून, निवांत आला आणि गोल करून गेला.

पुढच्या रविवारी आम्ही अकरा जण उपविजेत्यांचा छोटा चषक घेऊन उरणला गेलो. होडी नुकतीच किनाऱ्याला लागली होती. तांडेल गुडघाभर पाण्यातून हसत आला. मी मोठ्या अभिमानाने त्याला दहा जणांची गोष्ट सांगितली. त्याचे हसू मावळले.

"वासू कुठं होता?"

"बाहेर."

"ताप आलेला काय त्याला?"

"नाही... तुझी जागा म्हणून..."

"माजी जागा?" तो एवढ्या जोरात ओरडला की शेजारच्या होडीवरची माणसे बघू लागली. "ती काय मी विकत घेतलेली? पावसात रोज येनारा गडी बसवून ठेवला तुमी, आन् माजं नाव सांगता?"

मी चषक पाठीमागे लपवला. शेवटी त्याच्या आईनेच जेवायला हाक मारली. जेवताना त्याने वासूला शेजारी बसवला आणि त्याच्या ताटात पापलेटची सगळ्यांत मोठी तुकडी वाढली. उरलेल्यांना काय मिळाले ते आम्ही मुकाट्याने खाल्ले.

परतीच्या एसटीत मी वासूशेजारी बसलो. तिकिटे काढून झाल्यावर म्हणालो, "वासू, चुकलं माझं."

"अरे, मी असतो तर आपल्यावर तीन गोल झाले असते," वासू म्हणाला, आणि आम्ही दोघेही हसत सुटलो.

तांडेल कॉलेजात परत आला नाही. वडील थकले आणि होडी त्याच्याकडे आली. आता तो खरोखरीचा तांडेल झाला. पुढच्या वर्षी संघ मी निवडला. मधल्या जागेवर वासूला घेतले. त्याला खरेच खेळता येत नसे. तरी एकाही सामन्यात मी त्याला बाहेर बसू दिले नाही.