माझा विरोध लिहून घ्या

नगरपालिकेच्या सभेचं इतिवृत्त लिहायचं काम मी सोळा वर्षं केलं, तेही रोजंदारीवर. सभेत कोण काय बोललं ते कच्च्या वहीत टिपायचं आणि मग वरून सांगतील तसं मोठ्या रजिस्टरात उतरवायचं. आमच्या घरात तीन पिढ्या मास्तरकी नाहीतर कारकुनी. अक्षर चांगलं, पाठीचा कणा मात्र बेताचाच. आज हे हसत सांगतोय, तेव्हा हसू येत नव्हतं.

गाव नगर जिल्ह्यातलं, तालुक्याचं. शिक्क्यावर आता अहिल्यानगर आलंय, तोंडात अजून नगरच येतं. सोमवारी बाजार भरतो. बाजारतळावर भाजी विकणाऱ्या एक बाई त्या वेळी महिला राखीव वॉर्डातून निवडून आल्या होत्या. निवडून आल्यावरही सोमवारी पोतं अंथरून मेथी-शेपू घेऊन बसायच्याच. बाकीच्या नगरसेविकांचे नवरे सभेच्या दाराशी उभे राहून खाणाखुणा करायचे, यांचा नवरा मळा सोडून कधी तिकडे फिरकला नाही. त्या मला भाऊसाहेब म्हणायच्या, मी त्यांना ताई.

बाजारतळावर बायकांसाठी स्वच्छतागृह बांधून झालं होतं. फीत कापली, फोटो निघाले, कुलूप लागलं. ते कुलूप परत काही निघालं नाही. खेड्यापाड्यांतून जीपनं येणाऱ्या बाया सकाळपासून बाजार उठेपर्यंत पाण्याचा घोट घेत नाहीत, हे मला ताईंकडून कळलं. माझी बायको दर सोमवारी त्याच बाजारात जायची, पण ती पाऊण तासात घरी यायची. मला कशाला पत्ता लागतोय!

एका सभेत विषय आला, 'बाजारतळ येथील महिला स्वच्छतागृहाची दुरुस्ती व रंगरंगोटी करणे'. सगळ्यांनी चहाच्या कपाकडे बघत 'मंजूर' म्हटलं. ताई उभ्या राहिल्या.

"आवो, जे उघडलंच न्हाई, ते मोडलं कसं?"

सभागृहात हशा पिकला.

"हसू नका. किल्ली कुनाकडं हाय, तेवढं सांगा."

मुख्याधिकाऱ्यांनी इंजिनिअरकडे पाहिलं, इंजिनिअरनं आरोग्य विभागाकडे आणि आरोग्य विभागानं पंख्याकडे. अध्यक्ष म्हणाले, "ताई, माहिती घेऊन कळवतो. बसा तुम्ही."

"बसते की. पन माझा विरोध लिहून घ्या. भाऊसाहेब, लिवलं का?"

"लिहिलं," मी म्हणालो. आणि खरंच लिहिलं होतं. कच्च्या वहीत, शब्दन् शब्द, किल्लीसकट.

जिना उतरताना त्यांनी मला गाठलं. बाजारातल्या बाया टोमणे मारत होत्या, म्हणे खुर्ची मिळाली, आता ही बी त्यांच्यातलीच. "मला तो कागद बायांना दाखवायचाय, भाऊसाहेब," त्या म्हणाल्या. "नुसतं तोंडी सांगून कोन इश्वास ठेवतंय? त्यांच्यातच बसायचंय मला, मेले तरी." मी म्हणालो, पुढच्या सभेनंतर नक्कल मिळेल, काळजी करू नका.

संध्याकाळी अध्यक्षांनी केबिनमध्ये बोलावलं. आवाज साखरेत घोळलेला.

"रजिस्टरात काय लिहिणार आहेस?"

"जे झालं ते, साहेब."

"अरे, सर्वानुमते असलं की काम सुरळीत होतं. एका बाईपायी कशाला खोडा घालायचा? बरं, पुढच्या सभेत रोजंदारीवाल्यांना नोकरीत कायम करायचा ठराव येतोय ना? तुझा कितवा नंबर आहे त्यात?"

त्यांना नंबर माहीत होता. मलाही होता, यादी मीच टाइप केली होती. मला असा संताप आला की टेबलावरची काच फोडावी. फोडतोय कसला! "बरं साहेब," म्हणालो आणि बाहेर आलो. घरी आईची औषधं, मुलीचं कॉलेज. सोळा वर्षं बायको दार उघडताना एकच विचारायची, "झालं का काही?" तिला 'नाही' म्हणायचा मला कंटाळा आला होता.

दुसऱ्या दिवशी रजिस्टरात माझ्या सुरेख अक्षरात उतरवलं: सर्वानुमते मंजूर. खाली सूचक, अनुमोदक. ताईंचं नाव कुठंच नाही.

आता आमच्याकडची एक रीत सांगतो. कुठलीही सभा असो, पहिला विषय ठरलेला, मागच्या सभेचं इतिवृत्त वाचून मंजूर करणे. वाचत कुणीच नाही. मी विषय पुकारायचा अवकाश, सगळे एका सुरात 'मंजूर' म्हणतात, शाळेत हजेरीला 'हजर' म्हणावं तसं. ताई पहिल्यांदा सभेला आल्या तेव्हा गोंधळल्या होत्या. "हा विषय नुसता नावाला असतो ताई, मंजूर म्हणून टाकायचं," असं त्यांना शिकवलं ते मीच.

पुढची सभा भरली. रजिस्टर माझ्यापुढे उघडं, ताई चार हातांवर. मी विषय क्रमांक एक वाचला आणि त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी सगळ्यांबरोबर खणखणीत आवाजात 'मंजूर' म्हटलं.

स्वतःचा विरोध पुसलेला कागद त्या स्वतःच्या तोंडानं मंजूर करून बसल्या होत्या. मला फक्त एवढंच म्हणायचं होतं, 'ताई, एकदा वाचून बघा.' पाच शब्दसुद्धा नाहीत. मी पान उलटलं. पुढचा विषय पुकारला, त्याच्या पुढचा पुकारला, आणि मग आमचा विषय आला, रोजंदारीवाल्यांचा.

ताई पुन्हा उभ्या राहिल्या. "ह्या भाऊसाहेबांचं आधी करा. लई वर्सं झाली त्या मान्साला, केस पांढरे झाले हितं." सगळ्यांनी बाकं वाजवली. मंजूर. सोळा वर्षं ज्याची वाट पाहिली ते झालं, आणि मला मान वर करवेना.

चार दिवसांनी त्या नक्कल मागायला आल्या. मी म्हणालो, झेरॉक्सचं मशीन बंद आहे. दुसऱ्या दिवशी म्हणालो, शिक्का साहेबांकडे आहे. तिसऱ्या दिवशी द्यावीच लागली. त्या माझ्या टेबलाशी उभ्या राहून एकेका शब्दावर बोट ठेवत वाचत गेल्या. शेवटाला पोचल्या, परत वर गेल्या, परत खाली आल्या.

"माझं कुठंय ह्यात?"

"ताई, परवाच्या सभेत तुम्हीच मंजूर केलंत ना हे."

इतकं नीच वाक्य मी आयुष्यात दुसरं बोललो नाही. त्यांनी कागदावरचं बोट उचललं. मग म्हणाल्या, "समदे म्हनतात म्हनून म्हनले मी. तुमीच सांगितलं हुतं, नावाला असतो म्हनून."

मी फायलीची दोरी सोडली, परत बांधली.

"बरं, ऱ्हाऊ द्या. साध्या कागदावर लिहून द्या मला. शिक्का नको, सही बी नको. ही बाई सभेत बोलली हुती, येवढंच लिवा."

"तसं देता येत नाही, ताई."

देता येत होतं. कागद होता, पेन होतं, मी होतो. त्यांनी नक्कल घडी करून पिशवीत ठेवली आणि गेल्या.

माझा कायम झाल्याचा आदेश निघाला, त्या आनंदात सोमवारी बायकोनं मला बाजाराला ओढून नेलं. नको नको म्हणत होतो, पण कारण काय सांगणार? स्वच्छतागृह गुलाबी रंगात चकाकत होतं, कुलूपसुद्धा नवं कोरं. बायको नेमकी ताईंच्या पोत्यापुढे जाऊन मेथीच्या जुड्या उलटसुलट करायला लागली. शेजारी गवारवाली म्हातारी बसली होती. ती ताईंना ऐकवत होती, "रंग झ्याक दिला गं तुझ्या सभेनं! तू बी मंजूर म्हनलीस म्हनं."

"न्हाई म्हनले. मी विरोध केलता."

"कुठं लिवलंय? दाव की."

मी बायकोला म्हणालो, चल, पुढे बघू. ती कसली हलतेय! पुढे ती, मागे टरबुजांची हातगाडी, बाजूला केळीवाल्याच्या पाट्या. तेवढ्यात म्हातारीनं मला ओळखलं. "आगं, ह्योच तर लिवतो समदं! सांगा की वो भाऊसाहेब, बोलली हुती का ही?"

पाच-सहा बाया वळून बघायला लागल्या. बायकोही बघायला लागली, कौतुकानं, आपल्या नवऱ्याला बाजारात ओळखतात म्हणून. ताईंनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं. त्या वाट बघत होत्या. 'होय' एवढंच म्हणायचं होतं, आणि मी मेथीची एक जुडी उचलून तिची मुळं बघत राहिलो.

ताईंनीच खाली बघत मेथीवर पाणी शिंपडलं आणि म्हणाल्या, "सभेत लई गलका असतोय गं. त्यांच्या कानावर आलं नसंल."

"आसं व्हय?" म्हातारीनं मला विचारलं.

मी मान डोलावली.