झोपाळ्याच्या फळीखालचा काचेचा धागा

सांगलीला फोन आला तेव्हा मी दाढी करत होतो. “भावजी, हे गेले,” शालनवहिनी एवढंच बोलल्या. अर्ध्या दाढीनिशी एसटीत बसलो, रडू आवरायला डोळे मिटले ते लागलेच, आणि साताऱ्यात उतरायचं सोडून थेट वाईला जागा झालो. परत येईपर्यंत सगळं आटोपलं होतं. विलास असता तर म्हणाला असता, “माझ्या मयतीला तरी येळेवर यायचंस की रं, बाळ्या.”

कोरेगावच्या शाळेपासूनचे आम्ही. पुढं तो साताऱ्याच्या एमआयडीसीत केसाएवढ्या काचेच्या धाग्याच्या पोटात लेसरनं खुणा कोरू लागला. लेसर डोळ्याला कळायच्या आत लुकलुकून विझायचा. वरचं प्लास्टिक शाबूत आणि आत काचेत बारीक रेघांची ओळ. पुलाला चिकटवलेला असा धागा ताणला की रेघा एकमेकींपासून लांब जातात, त्यांच्यावरून परत येणाऱ्या प्रकाशाचा रंग किंचित सरकतो, आणि पुलावर भार किती ते कळतं. एकदा मदतीच्या उत्साहात मी त्याचे सगळे धागे ब्लेडनं सोलून ठेवले. त्यातला एकही धड राहिला नाही. “केळी हायत का ती?” एवढंच म्हणाला.

एक धागा त्यानं घरच्या झोपाळ्याच्या फळीला खालून चिकटवला, शेजारी धाग्यात प्रकाश सोडून तो मोजणारा कामावरचा जुना डबा आणि भार दाखवणारा त्याचा छोटा पडदा. त्या दिवसापासून झोका घ्यायला बंदी, नुसतं बसायचं. मी बसलो की पडद्यावरची रेघ टुणकन वर.

“साखर सोडली म्हणालास न्हवं?”

“सोडली की.”

“मग रेघ काय खोटं बोलतीया?”

मी पाय जमिनीवर रोवून वजन चोरायचो. तेही त्याला दिसायचं.

मग तो आजारी पडला. दर खेपेला तो बसला की रेघ आधीपेक्षा खाली... मी गप्पांच्या आडून फळीवर हात दाबून ती वर ठेवायला लागलो. एक दिवस पडद्याकडं बघतच तो म्हणाला, “हात काढ, बाळ्या. खरं काय ते बघू दे.”

मी काढला.

परवा वहिनींनी बोलावलं. “तेवढा झोपाळा उतरवून द्या. रिकामा बघवत न्हाई.” पाना घेऊन गेलो, आणि सवयीनं आधी माझ्या बाजूला टेकलो. वहिनींनी डबा चालू केला. रेघ वर गेली. टोमणा मारायला कुणी नव्हतं... मी पाय उचलून मांडी घातली, सगळा भार फळीवर दिला.

“वाढलंय हो तुमचं,” वहिनी म्हणाल्या, आणि चहा घेऊन दुसऱ्या टोकाला बसल्या. रेघ आणखी थोडी सरकली.

पाना तसाच खिशात घेऊन सांगलीला आलो.